अकलूजची चित्रपटनटी : कु. रिंकू राजगुरु

माळशिरस तालुका म्हटला म्हणजे परगांवच्या माणसाला ऊंस, साखरेचे कारखाने आणि आषाढीची वारी एवढेंच आठवतें. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर या वाटेनें पंढरीस जाते आणि श्रीतुकाराम महाराजांची अकलूजवरून जाते. दोन्ही पालख्यांच्या वाटा आमच्या या एकाच तालुक्यांतून जातात याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु वर्गांत जाऊन "आपल्या तालुक्यांतील एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचें नांव सांगा" असें विचारावें, तर बहुतेक मुलांच्या ओठांवर एकच नांव येतें, आणि तें उच्चारलें गेलें कीं पाठोपाठ हंशा पिकतो. तें नांव म्हणजे रिंकू राजगुरु.

हंशा कां पिकावा, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. मुलें आवडीच्या माणसाचें नांव घेतात खरीं, पण चित्रपटांतील नटीचें नांव गुरुजनांसमोर घेणें म्हणजे कांहीं तरी आगळीक झाली, असें त्यांस मनांतून वाटत असावें. ही समजूत त्यांनीं घरींच उचललेली असते, व घरच्यांनीं ती त्यांच्या वडिलांकडून घेतलेली असते. म्हणून या मुलीचा वृत्तांत, आम्हांस निश्चितपणें ठाऊक आहे तेवढा, वार्षिकाच्या या पानांत सांगावा असें आम्हीं योजिलें आहे. ती पडद्यावर आली तेव्हां आमच्याच विद्यार्थिनींच्या वयाची होती, त्यामुळें तिचा उल्लेख आम्ही एकेरींत करीत आहों; त्यांत अनादर नाहीं.

प्रथम थोडें मागें जाऊं. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट काढला तेव्हां राणी तारामतीचें काम करावयास एकही स्त्री मिळेना. शेवटीं अण्णा साळुंके नांवाच्या तरुणाला लुगडें नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच सालच्या "मोहिनी भस्मासुर" या चित्रपटांत मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनीं काम केलें. आपल्या देशाच्या पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया त्या ह्याच. पुढें १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या "अयोध्येचा राजा" या बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. त्या सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यांतील असल्यामुळें लोकांची भीड थोडी चेपली. तरीही नटीचा धंदा म्हणजे घरंदाजपणा सोडणें, ही भावना समाजांतून सहजासहजीं गेली नाहीं.

खेड्यांतून येणाऱ्या मुलीपुढें तर आणखी एक अडचण असे. ती म्हणजे तिची जीभ. सुलोचनाबाई लाटकर या बेळगांव जिल्ह्यांतील खडकलाट या खेड्यांतल्या. कोल्हापुरास त्या चित्रपटांत काम करावयास आल्या तेव्हां त्यांच्या गांवाकडच्या बोलीला भोंवतालची मंडळी हसत. बाईंनीं जिद्दीनें वाचन केलें, उच्चार घोटले, आणि भालजी पेंढारकरांसारख्या गुरूच्या हाताखालीं त्या अशा तयार झाल्या कीं पडद्यावरील आई म्हणजे सुलोचनाबाई हें समीकरण होऊन बसलें. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्या थोरवीची पहिली पायरी आपली जन्माची बोली पुसून टाकणें ही होती, हें विसरतां येत नाहीं. आमच्या अकलूजच्या मुलीच्या बाबतींत नेमकें याच्या उलट घडलें. म्हणूनच तिचा वृत्तांत आम्हांस विशेष वाटतो.

रिंकूचा जन्म ३ जून २००१ रोजीं झाला. शाळेच्या दप्तरांतील तिचें नांव प्रेरणा; रिंकू हें घरांतलें लाडकें नांव, तेंच पुढें जगाला ठाऊक झालें. तिचे आईवडील दोघेही शिक्षक. नीरा नदीच्या कांठचें अकलूज हें नांवाला गांव असलें तरी बाजारपेठ, कारखाना व शाळा यांमुळें तालुक्याच्या ठिकाणाहूनही मोठें. तेथील जिजामाता कन्या प्रशालेंत ती शिकत होती. घरांत नाटक-सिनेमाची परंपरा नाहीं, मुंबईची ओळखदेख नाहीं, अभिनयाचें शिक्षण तर नाहींच.

२०१३ सालीं दिग्दर्शक नागराज मंजुळे अकलूजला आले होते. तेही सोलापूर जिल्ह्यांतलेच, करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. "पिस्तुल्या" हा त्यांचा लघुपट राष्ट्रीय पारितोषिकाचा मानकरी ठरला होता आणि "फँड्री" या चित्रपटाचा बोलबाला सुरू झाला होता. त्यांना पाहावयास गेलेल्या लोकांत सातवींत शिकणारी रिंकूही होती. मंजुळे यांची पद्धत अशी कीं गाजलेल्या नटांपेक्षां ज्या मातींतली गोष्ट त्याच मातींतलीं माणसें ते शोधतात. त्यांनीं या मुलीची परीक्षा घेतली आणि पुढें आपल्या नव्या चित्रपटाची नायिका म्हणून तिची निवड केली. नायक आकाश ठोसर हा करमाळ्याचा. आखाड्यांत घुमणारा पैलवान गडी. त्यानेंही पूर्वीं कधीं चित्रपटांत काम केलेलें नव्हतें.

तो चित्रपट म्हणजे "सैराट". २९ एप्रिल २०१६ रोजीं, ऐन उन्हाळ्याच्या सुटींत, तो प्रदर्शित झाला. गोष्ट थोडक्यांत अशी : अर्चना पाटील ऊर्फ आर्ची ही गांवच्या बड्या बागाईतदार पुढाऱ्याची मुलगी आणि प्रशांत काळे ऊर्फ परश्या हा मासेमारी करणाऱ्या गरीब घरांतला, खालच्या मानलेल्या जातींतला हुशार मुलगा. दोघांचें प्रेम जमतें, घरच्यांस कळतें, मारहाण होते, आणि दोघें पळून हैदराबादेस जातात. तेथें झोपडपट्टींत एक तेलुगु बाई त्यांस आसरा देते. आर्ची कारखान्यांत कामाला लागते, परकी भाषा शिकते, संसार उभा करते, तिला मूल होतें. आणि मग एके दिवशीं माहेरचीं माणसें भेटीगांठी घेऊन दारांत येतात.

आर्चीचें काम करावयाचें म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें, कारण पडद्यावर पाहतांना सगळें सोपें दिसतें. चित्रपट हा गोष्टीच्या क्रमानें चित्रित होत नाहीं. जागा, ऊन आणि माणसें ज्या दिवशीं जुळतील त्या दिवशीं तो तुकडा टिपला जातो. आज शेवटचा प्रसंग, उद्यां पहिला, परवां मधला. नटीला मात्र आपण गोष्टींत कोठें आहों, आतां राग किती आणि भीति किती, आधींच्या तुकड्यांत पदर कोणत्या खांद्यावर होता, हें सर्व मनांत बाळगावें लागतें. एकच वाक्य दहादां बोलावें लागलें तरी दहाव्या वेळीं तें पहिल्यांदाच सुचल्यासारखें वाटलें पाहिजे. डोळ्यांसमोर यंत्र, भोंवतीं पन्नास माणसें, आणि त्यांत एकटेपणाचा प्रसंग रंगवावयाचा! नाटकांतील नटाला निदान प्रेक्षकांची टाळी मिळते. येथें दिग्दर्शक "ठीक" म्हणाला कीं पुढचा तुकडा.

शिवाय या भूमिकेसाठीं तिला बुलेट मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवावयास शिकावें लागलें. चित्रपटाच्या पूर्वार्धांत ती ट्रॅक्टर हांकीत मळ्यांत येते, भर वर्गांत मास्तरांसमोर मुलाकडे टक लावून पाहते, आडदांड मुलांना दटावते. उत्तरार्धांत हीच मुलगी सांवळ घातलेल्या खोलींत उपाशी बसून रडते. पहिल्या भागांतील चाल, मान, आवाज आणि दुसऱ्या भागांतील खांदे पाडून उभें राहणें यांची तुलना करून पाहावी; दोन निरनिराळ्या मुली वाटाव्यात इतका तो बदल आहे. या वयाच्या मुलीनें तो कसा साधला, याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

आतां बोलीविषयीं. आर्ची जें बोलते तें अकलूज-करमाळ्याकडचें बोलणें आहे. हेल तोच, ठसका तोच, मुलग्यांच्या बरोबरीनें उत्तर देण्याची तऱ्हाही तीच. पूर्वीं मराठी बोलपटांत खेडवळ बोली असे ती बहुधा गड्याच्या, विनोदी म्हाताऱ्याच्या किंवा तमाशांतील सोंगाड्याच्या तोंडीं; नायिका सहसा पुस्तकी बोले. येथें नायिकाच मराठींत सांगितलेलें समजत नसेल तर इंग्रजींत सांगूं का, असें समोरच्याला दरडावून विचारते, आणि तें वाक्य मुंबई-पुण्याच्या पोरांनीं अकलूजच्या हेलांत घोकलें! आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षें मुलांचे उच्चार सुधारीत आलों आहों, आणि तें आमचें कर्तव्यच आहे. तरीपण आपल्या घरची बोली म्हणजे चूक, असें मुलांच्या मनांत आमच्याच हातून भरलें गेलें असेल, तर या मुलीनें त्याची परस्पर दुरुस्ती केली, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वींच, मार्च महिन्यांत, ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांची घोषणा झाली व रिंकूला "विशेष उल्लेखा"चा मान मिळाला. पुष्कळांनीं त्या वेळीं तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें असें सांगितलें. तें खरें नव्हे. विशेष उल्लेख म्हणजे नेमलेल्या पारितोषिकांच्या यादीबाहेर एखादें काम परीक्षकांस फारच उल्लेखनीय वाटलें तर त्याबद्दल दिलेलें प्रशस्तिपत्र. रजत कमळ त्यांत नसतें. पण मान लहान नव्हे. ३ मे २०१६ रोजीं दिल्लींत विज्ञान भवनांत राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें झालेल्या समारंभांत तिचा गौरव झाला, तेव्हां तिला पंधरावें वर्ष पुरें व्हावयास एक महिना होता. त्याच समारंभांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचें पारितोषिक अमिताभ बच्चन यांस मिळालें. तत्पूर्वीं बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांतही किशोरवयीन प्रेक्षकांसाठीं असलेल्या विभागांत "सैराट" दाखविला गेला होता. पुढें त्यानें शंभर कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविलें. मराठी चित्रपटाच्या इतिहासांत असें पूर्वीं झालें नव्हतें. त्यांतील "झिंगाट" हें गाणें तर लग्नाच्या वराती आणि शाळांचीं संमेलनें यांतून इतकें वाजलें कीं आमच्या कानांना त्याची संवय झाली. त्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत याच गाण्यावर नाचण्यासाठीं पांच वर्गांचे पांच अर्ज आले होते. आम्हीं चिठ्ठ्या टाकून निकाल लावला.

पालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "शाळकरी मुलांचें प्रेम दाखविणाऱ्या चित्रपटाची शाळेनें स्तुति करावी काय?" असें एका सद्गृहस्थांनीं आम्हांस तोंडावर विचारलें. त्यांनीं चित्रपट मध्यंतरापर्यंतच पाहिला होता, असें पुढें बोलण्यांत निघालें. उत्तरार्धांत काय आहे? भाड्याची खोली, अन्नाची चिंता, संशय, परश्यानें आर्चीवर उगारलेला हात, तिचें रागारागानें निघून जाणें आणि परत येणें. पळून जाण्यांत गोडी आहे असें त्यांतून कोणास वाटेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि शेवट? प्रतिष्ठेच्या नांवाखालीं आपल्याच मुलीचा व जांवयाचा खून करणारे भाऊबंद, आणि रक्तांत पाय भरलेलें, बाहेर रस्त्यावर आलेलें तान्हें मूल. त्या वेळीं पडद्यावरून आवाजच नाहींसा होतो. थेटरांत बसलेली मंडळी, जी घटकेपूर्वीं शिट्ट्या मारीत होती, ती तशीच मुकाट्यानें उठून जातांना आम्हीं पाहिली आहेत. आपल्या जिल्ह्यांत, आपल्या भाषेंत, आपल्याच ओळखीच्या वाड्यांतून हें दाखविलें गेलें, म्हणून तें झोंबलें.

एका गोष्टीविषयीं मात्र आमचें मन निःशंक नाहीं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनें पत्नीचें व मातेचें काम करावें काय? काम तिनें उत्तम केलें. पण प्रश्न कामाच्या गुणाचा नाहीं. बाल कलाकारांसंबंधीं आज जे नियम आहेत ते "सैराट"च्या नंतरचे, २०१७ सालचे आहेत, आणि ज्यांच्या घरीं एखादें गुणी मूल आहे अशा पालकांनीं ते माहीत करून घ्यावे. चौदा वर्षांखालील मुलास चित्रपटांत घ्यावयाचें तर निर्मात्यानें जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढली पाहिजे. मुलानें दिवसांतून पांच तासांहून अधिक व विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक काम करावयाचें नाहीं. सलग २७ दिवसांहून अधिक काम चालवावयाचें नाहीं. शिक्षणांत खंड पडूं नये अशी तजवीज केली पाहिजे. आणि मिळकतीचा निदान पांचवा हिस्सा मुलाच्या नांवानें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवला पाहिजे. नियम चांगले आहेत. परंतु गर्दी आवरण्याचा नियम कोणी केलेला नाहीं. आणि रिंकूला खरा त्रास झाला तो गर्दीचा.

तो सांगण्यापूर्वीं तिची पुढील वाटचाल थोडक्यांत पाहूं. "सैराट"चीं अनेक भाषांत रूपांतरें झालीं. त्यांपैकीं कानडी "मनसु मल्लिगे" (२०१७) यांत नायिकेचें काम तिनेंच केलें. मातृभाषेच्या ठसक्यावर जिचें नांव झालें तिनें दुसऱ्या भाषेंत तीच भूमिका पुन्हां उभी करावी, हा योग चमत्कारिकच. मकरंद माने यांच्या "कागर" (२०१९) या चित्रपटांत ती ग्रामीण राजकारणाच्या डावांत सांपडलेली तरुणी झाली. २०२० सालीं "मेकअप" आला, पण तो आम्हांस बेताचाच वाटला. त्याच वर्षीं "हंड्रेड" या हिंदी मालिकेंत लारा दत्ता या अनुभवी नटीच्या जोडीला ती उभी राहिली व मुळींच दबली नाहीं. "२०० हल्ला हो" (२०२१) हा नागपुरांत २००४ सालीं घडलेल्या घटनेवर आधारलेला हिंदी चित्रपट. वर्षानुवर्षें छळणाऱ्या गुंडावर वस्तींतील स्त्रियांनीं भर न्यायालयांत हल्ला केला, ती ही घटना. त्यांत अमोल पालेकरांसारख्या जुन्याजाणत्या नटाबरोबर तिनें काम केलें. आणि २०२२ सालीं नागराज मंजुळे यांच्या "झुंड"मध्यें ती व अमिताभ बच्चन एकाच चित्रपटांत आले. दिल्लीच्या त्या समारंभाला तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं. "झुंड"मधील तिचें काम लहान आहे. परदेशीं खेळावयास जाण्यासाठीं पारपत्र हवें आणि पारपत्रासाठीं आपण कोण हें कागदावर सिद्ध करावयास हवें, म्हणून बापाबरोबर कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणारी आदिवासी मुलगी तिनें त्यांत दाखविली आहे. फारसें न बोलतां तिनें तें काम केलें आहे, आणि आमच्या मतें आर्चीच्या खालोखाल तेंच तिचें सर्वोत्तम काम होय. पुढें "आठवा रंग प्रेमाचा" (२०२२) यांत अम्ल फेंकून विद्रूप केलेल्या मुलीची भूमिका, "झिम्मा २" (२०२३) यांत हंसतें-खेळतें काम, आणि "आशा"मध्यें खेडोपाडीं औषधें व सल्ला घेऊन हिंडणाऱ्या आशा सेविकेची भूमिका. चेहऱ्याच्या सौंदर्यावर जगणारी नटी विद्रूप चेहऱ्याचें काम सहसा पत्करीत नाहीं, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां शाळेची गोष्ट. "सैराट" आला तेव्हां ती नववी संपवून दहावींत जाणार होती. जून महिन्यांत शाळा उघडल्या. पण ज्या मुलीला पाहावयास बाजारपेठेंत वाट राहात नाहीं, तिनें वर्गांत बांकावर बसून भूमिति कशी शिकावी? तिनें नेहमींची शाळा सोडली आणि १७ नंबरचा अर्ज भरून, म्हणजे बाहेरून बसणारी विद्यार्थिनी म्हणून, दहावीच्या परीक्षेची तयारी केली. हें वाचतांना आमच्या विद्यार्थिनींनीं क्षणभर थांबून पाहावें. मधल्या सुटींतील डबा, मैत्रिणींचीं भांडणें, सहल, निरोपसमारंभाचा फोटो, हें सर्व जिच्या हातून निसटलें ती मुलगी तुमच्याच तालुक्यांतील आहे. आणि तिचा हेवा करणाऱ्या तुम्हांपाशीं तें सर्व आहे.

जून २०१७ मध्यें निकाल लागला, तिला ६६.४० टक्के गुण मिळाले. वर्तमानपत्रांनीं तो आंकडा मथळ्यांत छापला, आणि कित्येक रिकामटेकड्यांनीं त्यावर टीकाही केली. पंधरा-सोळा वर्षांच्या कोणत्या मुलीची गुणपत्रिका आपण अशी चव्हाट्यावर मांडतों? शिक्षक या नात्यानें आम्हांस तो प्रकार मुळींच आवडला नाहीं. आणि तोच आंकडा येथें पुन्हां छापून आम्ही तेंच करीत आहों कीं काय, असेंही मनांत आलें. परंतु पुढचा आंकडा सांगावयाचा तर मागचा सांगणें प्राप्त आहे.

तिनें शिक्षण सोडलें नाहीं. माढा तालुक्यांतील टेंभुर्णी येथील कनिष्ठ महाविद्यालयांतून, कला शाखा घेऊन, ती बारावीस बसली. "कागर" हा चित्रपट खरें पाहतां २०१९ च्या फेब्रुवारींत यावयाचा होता. तिच्या परीक्षेमुळें तो पुढें ढकलावा लागला. परीक्षेच्या दिवशीं केंद्रावर बघ्यांनीं गर्दी करूं नये म्हणून पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. पेपर संपल्यावर २६ एप्रिल रोजीं चित्रपट लागला आणि मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला. या खेपेस ८२ टक्के होते.